डिचोलीत न झालेलं युद्ध आणि विकिपीडियावरचा भरवसा

१६४०-४१ मध्ये पोर्तुगीज आणि मराठा साम्राज्य यांच्यात गोव्यातल्या डिचोलीच्या परिसरात युद्ध पेटलं आणि शेवटी तह होऊन मिटलं, अशी हकीकत सांगणारा सुमारे साडेचार हजार शब्दांचा लेख जुलै २००७ मध्ये इंग्रजी विकिपीडियावर आला. काही महिन्यांतच त्याला तिथला ‘चांगला लेख’ हा दर्जा मिळाला. तो दर्जा इंग्रजी विकिपीडियातल्या अगदी थोड्या लेखांच्या वाट्याला येतो. पुढे पाच वर्षं कुणी त्याच्या मुळाशी गेलं नाही. डिसेंबर २०१२ मध्ये एका संपादकाने त्यात दिलेली पुस्तकं शोधायला घेतली, तर मुख्य संदर्भांपैकी एकही पुस्तक अस्तित्वात नव्हतं. युद्धही झालेलं नव्हतं. लेख उडवला गेला, पण तोवर विकिपीडियावरचा मजकूर उचलून पुस्तकं छापणाऱ्यांनी त्याचं पुस्तकही विक्रीला ठेवलं होतं.

आपल्याकडच्या वाचकाला यातली गोम पहिल्याच ओळीत कळते. १६४० साली शिवाजी महाराज दहा वर्षांचे होते. शहाजीराजे आदिलशाहीच्या चाकरीत कर्नाटकात होते आणि डिचोलीही आदिलशाहीचीच होती. डिचोलीजवळच्या नार्व्याला महाराजांनी सप्तकोटेश्वराच्या देवळाचा जीर्णोद्धार करवला तो १६६८ साली, राज्याभिषेक झाला १६७४ साली. चौथीचं इतिहासाचं पुस्तक धड वाचलेलं पोरही विचारील, की १६४० मध्ये हे ‘मराठा साम्राज्य’ आणलं कुठून? पण तसं विचारणारं कुणी त्या पानावर फिरकलंच नाही. जे आले त्यांनी भाषा पाहिली, तळटिपा पाहिल्या, मांडणी पाहिली. सगळं नीटनेटकं होतं.

विकिपीडियावर विश्वास ठेवावा की नाही, हा प्रश्न आपल्याकडे सहसा एका झटक्यात निकालात काढला जातो. ‘कुणीही काहीही लिहितं हो तिथे’ असं एकजण म्हणतो, दुसरा शाळेच्या प्रकल्पापासून कोर्टातल्या युक्तिवादापर्यंत सगळं तिथूनच उचलतो. दोघंही संपूर्ण विकिपीडियाला एकच गुण देऊ पाहतात आणि तिथेच गफलत होते. विश्वासार्हता तिथे पानागणिक बदलते, पुष्कळदा एकाच पानावर वाक्यागणिक बदलते. ती कशावर ठरते हे समजायला आतलं यंत्र थोडं उघडून बघावं लागेल.

विकिपीडियाच्या आधी त्याच मंडळींचा न्यूपीडिया नावाचा एक प्रकल्प होता. जिमी वेल्स यांनी पैसा घातला होता आणि लॅरी सँगर संपादक होते. लेख तज्ज्ञांनी लिहायचा आणि तो तपासणीच्या सात पायऱ्या चढल्यावरच प्रसिद्ध व्हायचा. पद्धत चोख होती, फक्त लेख निघत नव्हते. पहिल्या वर्षात मोजकेच लेख पार पडले. म्हणून १५ जानेवारी २००१ रोजी जोडीला एक खुला, कुणालाही लिहिता येईल असा कोश सुरू केला. त्याने बघता बघता मूळ प्रकल्पालाच गिळलं. आज इंग्रजीत सत्तर लाखांच्या आसपास लेख आहेत.

यातली उलथापालथ एवढीच, की आधी तपासून मग छापण्याऐवजी आधी छापायचं आणि मग तपासायचं. म्हणजे सगळी मदार त्या ‘मग’वर आली. पानावर नजर टाकणारी माणसं असतील तर तपासणी होते, नसतील तर पहिल्या दिवशी लिहिलेलं वाक्य दहा वर्षं तसंच राहतं.

समजा तुम्ही इंग्रजी विकिपीडियावर एखाद्या मोठ्या नेत्याच्या पानावर शिवी टाकलीत. बहुधा पहिल्यांदा माणूस नाही, बॉट म्हणजे आपोआप चालणारा संगणक प्रोग्रॅम पकडेल. क्लूबॉट एनजी नावाचा एक बॉट २०१० पासून तिथे आहे. आधीच्या हजारो खोडसाळ बदलांवरून तो शिकलेला आहे आणि पुष्कळदा काही सेकंदांत बदल उलटवतो. त्याच्या हातून सुटलं तर ‘अलीकडील बदल’ या यादीवर बसलेले स्वयंसेवक असतात. शिवाय ज्यांनी ते पान आपल्या पाहऱ्याच्या यादीत घातलंय, त्यांच्या नजरेला तुमचा बदल येतोच. मोठ्या पानांवर अशी शेकडो माणसं असतात. वारंवार खोडसाळपणा होणाऱ्या पानांना कुलूप घालतात. कुलपाचेही प्रकार आहेत. साध्या कुलपाला खातं चार दिवस जुनं आणि दहा संपादनं झालेली असावी लागतात, कडक कुलपाला तीस दिवस आणि पाचशे संपादनं. दोघंजण एकमेकांचे बदल सतत उलटवायला लागले तर चोवीस तासांत तीनपेक्षा जास्त वेळा उलटवायचं नाही असा नियम आहे. तो मोडला तर खातं काही काळ बंद होतं.

हे सगळं उघड गाढवपणाविरुद्ध उत्तम चालतं. म्हणून ‘कुणीही शिव्या लिहून जातो’ ही भीती आज बरीचशी जुनी झाली. खरा त्रास शांत, शुद्ध भाषेत, तळटिपेसकट लिहिलेल्या खोट्याचा आहे. चौकातल्या दिव्याखाली खिसा कापणं अवघड, बोळात कोण बघतंय? डिचोलीचं युद्ध बोळात लिहिलं गेलं होतं. विषय गोव्याच्या इतिहासाचा, भाषा इंग्रजी, संदर्भ म्हणून छापील पुस्तकं. ज्याने तपासलं त्याच्याकडे ती पुस्तकं नसणार हे उघडच होतं. ‘चांगला लेख’ हा दर्जा देण्याआधी सहसा एकच परीक्षक लेख वाचतो आणि तो त्या विषयातला जाणकार असायलाच हवा असं बंधन नाही. तो ठरलेल्या निकषांवर लेख घासून बघतो. लिखाण स्वच्छ आहे का? विधानांना संदर्भ आहेत का? बाजू घेतलेली नाही ना? समोरचा चांगल्या हेतूनेच लिहितोय असं धरून चालायचं, ही तिथली रीत आहे. ही रीत नसती तर काम चाललंच नसतं, आणि ती आहे म्हणून पुस्तकांची नावं रचणाऱ्याचं फावलं.

याच जातीचं, पण कितीतरी मोठं प्रकरण चिनी विकिपीडियावर २०२२ मध्ये उघडकीला आलं. एका बाईने जवळपास दहा वर्षं मध्ययुगीन रशियाचा काल्पनिक इतिहास लिहिला होता. न झालेल्या लढाया, नसलेली माणसं, काशीन नावाची चांदीची खाण. दोनशेहून जास्त लेख एकमेकांना संदर्भ देत उभे होते. आपण राजनैतिक अधिकाऱ्याची मुलगी आणि रशियन इतिहासाची अभ्यासक असल्याचंही तिने सांगितलं होतं. चीनमधल्या एका कादंबरीकाराला त्या खाणीवर लिहायचं होतं, म्हणून त्याने रशियन संदर्भ शोधले, तेव्हा सगळा डोलारा कोसळला. कल्पनाशक्तीला दाद द्यावी अशी करामत आहे, पण चुकीच्या जागी केलेली.

बाहेरच्या जगाला याची पहिली ठेच २००५ मध्ये लागली होती. जॉन सीगेनथॉलर या अमेरिकी पत्रकाराच्या पानावर कुणीतरी लिहून ठेवलं, की केनेडी बंधूंच्या हत्यांमध्ये यांचा हात असावा असा काही काळ संशय होता. मजकूर सुमारे चार महिने तसाच राहिला. सीगेनथॉलर यांनी त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ‘यूएसए टुडे’त जाहीरपणे लिहिलं तेव्हा गदारोळ झाला. त्यानंतर इंग्रजी विकिपीडियाने खातं न उघडलेल्यांना नवे लेख सुरू करायला बंदी केली. हयात व्यक्तींच्या पानांसाठी नियमही कडक झाले. बदनामीकारक आणि संदर्भ नसलेलं वाक्य दिसलं तर चर्चेची वाट न बघता काढून टाकायचं, असं आता तिथे सांगितलेलं आहे.

आता तळटिपांकडे वळू, कारण विकिपीडियाचा कणा तिथे आहे. तिथला मूळ नियम असा: तुम्हाला खरं काय ते माहीत असणं पुरेसं नाही, ते कुठल्यातरी विश्वसनीय ठिकाणी आधी छापलेलं असलं पाहिजे. तुम्ही स्वतः लावलेला शोध चालत नाही. मग त्या छापलेल्या ठिकाणांची प्रतवारी सुरू होते. ब्रिटनच्या ‘डेली मेल’ या खपाऊ वृत्तपत्राचा संदर्भ देणं टाळावं, असं इंग्रजी विकिपीडियावर २०१७ मध्ये चर्चा करून ठरलं. भारतातल्या जातींवरच्या लेखांना वेगळे कडक नियम आहेत आणि जातींच्या इतिहासासाठी इंग्रज काळातल्या अधिकाऱ्यांनी लिहिलेली वर्णनं तिथे सहसा ग्राह्य धरत नाहीत. आपल्याकडे अजूनही जुनी गॅझेटियर पुढे करून वाद जिंकायची सवय आहे, त्या मानाने हे बरंच पुढचं पाऊल म्हणायचं.

पण या कण्यालाही एक आजार आहे. फेब्रुवारी २००९ मध्ये जर्मनीत कार्ल-थिओडोर त्सू गुटेनबर्ग नवे मंत्री होणार होते. उमराव घराण्यातला माणूस, नावात आधीच दहा नावं. कुणीतरी गंमत म्हणून विकिपीडियावर त्यात ‘विल्हेल्म’ हे अकरावं घुसडलं. घाईतल्या पत्रकारांनी तिथून पूर्ण नाव उचललं आणि मोठमोठ्या वृत्तपत्रांनी ते छापलं. मग विकिपीडियावर कुणी शंका काढली तेव्हा पुरावा म्हणून तीच छापील बातमी दाखवली गेली. खोट्याने एक फेरी मारली आणि तळटीप घेऊन परत आलं. त्याच वर्षी मार्चमध्ये चित्रपट संगीतकार मॉरिस जार वारले, तेव्हा डब्लिनच्या एका विद्यार्थ्याने मुद्दाम रचलेलं वाक्य त्यांच्या पानावर त्यांच्या तोंडी घातलं. विकिपीडियाने ते संदर्भ नाही म्हणून काढून टाकलं, पण तोवर ते मृत्युलेखांत छापून गेलं होतं. इथे कोशाने आपलं काम केलं, वृत्तपत्रांनी केलं नाही. तेव्हा तळटीप दिसली की तिची तारीखही बघावी. विकिपीडियावर वाक्य आधी आलं आणि बातमी नंतर, असं निघालं तर ती तळटीप आरशातल्या चेहऱ्याइतकीच नवी माहिती देते.

मग एकूण चुका किती? या प्रश्नाला हमखास ‘नेचर’ची चाचणी पुढे केली जाते. डिसेंबर २००५ मध्ये त्या नियतकालिकाने विज्ञानाच्या ४२ विषयांवरचे विकिपीडिया आणि ब्रिटानिका यांचे लेख तज्ज्ञांना दिले, कुठला लेख कुठला ते न सांगता. विकिपीडियात १६२ चुका निघाल्या, ब्रिटानिकात १२३. म्हणजे लेखामागे चार विरुद्ध तीन. गंभीर चुका दोन्हीकडे चार-चार. ब्रिटानिकाने मार्च २००६ मध्ये पद्धतीवर सडकून टीका केली, ‘नेचर’ने माघार घेतली नाही. पण हा आकडा जिथेतिथे नाचवणाऱ्यांनी दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. ती वीस वर्षांपूर्वीची चाचणी आहे. आणि ती विज्ञानाची आहे, जिथे वाचणाऱ्यांत जाणकार पुष्कळ असतात आणि भांडण कमी असतं. त्यावरून एखाद्या किल्लेदाराच्या, आमदाराच्या किंवा जातीच्या पानाबद्दल काहीही सिद्ध होत नाही. मूलद्रव्यांचे गुणधर्म, गणितातली प्रमेयं, प्राण्यांच्या जाती, जुन्या निवडणुकांचे निकाल, अशा विषयांत इंग्रजी विकिपीडिया फार चांगला आहे. लढायांच्या पानांवर उजवीकडच्या चौकटीत ‘निकाल’ म्हणून जो एक शब्द असतो, त्यावरून मात्र वर्षानुवर्षं मारामाऱ्या चालतात. तो शब्द मी तरी तळटीप उघडल्याशिवाय कधी घेत नाही.

आतापर्यंत बोललो ते मुख्यतः इंग्रजीबद्दल. विकिपीडिया तीनशेहून जास्त भाषांत आहे आणि प्रत्येक भाषेचा संसार वेगळा आहे, माणसं वेगळी, नियमही काही प्रमाणात वेगळे. इंग्रजीत प्रचालक, म्हणजे पानं उडवण्याचे, कुलूप घालण्याचे आणि खाती बंद करण्याचे अधिकार असलेले संपादक, आठशेच्या आसपास आहेत. लहान भाषांत ते हाताच्या बोटांवर मोजता येतात. त्याचं काय होतं याची दोन उदाहरणं पुरेत. स्कॉटलंडमधल्या स्कॉट्स भाषेच्या विकिपीडियावर हजारो लेख एका अमेरिकी किशोरवयीन मुलाने लिहिल्याचं २०२० मध्ये उघड झालं. त्याला ती भाषाच येत नव्हती. इंग्रजी वाक्यं घ्यायची आणि शब्दकोशातून एकेक शब्द बदलायचा, असा कारभार. दुष्टपणा काही नव्हता, पण वर्षानुवर्षं ‘अहो, ही आमची भाषा नव्हे’ म्हणणारं तिथे पुरेसं कुणी नव्हतं. क्रोएशियन विकिपीडियाचं दुखणं उलटं होतं. एका राजकीय मताच्या मूठभर प्रचालकांनी ताबा घेतला, दुसऱ्या महायुद्धातल्या फॅसिस्ट राजवटीची पापं सौम्य करून लिहिली आणि विरोध करणाऱ्यांची खाती बंद केली. बातम्या २०१३ मध्येच आल्या होत्या. विकिपीडियामागच्या विकिमीडिया फाउंडेशन या संस्थेचा सविस्तर अहवाल यायला २०२१ उजाडलं.

मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. लेखांची संख्या लाखाच्या घरात आहे, पण त्यांतले कितीतरी दोन-चार ओळींचे. एखाद्या गावाचं पान उघडा. पहिल्या ओळीत तालुका-जिल्हा, मग ‘प्रेक्षणीय स्थळे’, ‘नागरी सुविधा’, ‘जवळपासची गावे’ असे ठरावीक मथळे आणि खाली बऱ्याचदा मोकळी जागा. यात खोटं काही नाही, पण खरंही फारसं नाही. काही लेख इंग्रजीवरून भाषांतरित झालेत आणि मूळ इंग्रजी पान पुढे सुधारलं तरी मराठी पान जुन्याच चुकीसकट बसून राहतं. सतत काम करणारी मंडळी थोडी आहेत आणि त्यांच्या चिकाटीला सलाम केला पाहिजे. पण पाहरा विरळ आहे हे वाचणाऱ्याने धरून चालावं. इंग्रजीत दहा मिनिटांत उडेल असं वाक्य मराठीत महिनोन्‌महिने राहू शकतं.

म्हणून मराठी विषयासाठी मराठी विश्वकोश शेजारच्या टॅबमध्ये उघडा. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी वाईला उभा केलेला हा वीस खंडांचा कोश आता इंटरनेटवर फुकट वाचता येतो. नोंदीखाली लिहिणाऱ्याचं नाव असतं, म्हणजे जबाबदारी कुणाची ते कळतं. त्याची अडचण वेगळी. पहिला खंड १९७६ चा आहे. त्या काळी छापलेल्या कुठल्याही कोशात प्लूटो ग्रहच असणार, कारण त्याचं ग्रहपद गेलं २००६ मध्ये. नव्या नोंदी आणि सुधारणा आता होत असतात, तरी वाचताना नोंद कुठल्या काळातली आहे हे बघावंच लागतं. विकिपीडिया ताजा पण अनाम, विश्वकोश नावानिशी लिहिलेला पण ठिकठिकाणी जुना. दोघांत फरक दिसला की तिथे थांबून खणावं, काहीतरी हाताला लागतं.

चुकांइतकाच मोठा प्रश्न नसलेल्या गोष्टींचा आहे. २ ऑक्टोबर २०१८ रोजी डोना स्ट्रिकलँड यांना भौतिकशास्त्राचं नोबेल जाहीर झालं, त्या सकाळी इंग्रजी विकिपीडियावर त्यांचं पान नव्हतं. काही महिन्यांपूर्वी कुणीतरी मसुदा पाठवला होता, तो ‘पुरेसे स्वतंत्र संदर्भ नाहीत’ म्हणून परत गेला. नियमाप्रमाणे ते बरोबर होतं आणि तिथेच दुखणं आहे. वर्तमानपत्रांनी आणि पुस्तकांनी ज्यांच्याकडे पाहिलं नाही, त्यांच्याकडे हा कोशही पाहत नाही. आपल्याकडे हे फारच जाणवतं. गावच्या तमाशा-फडाचा इतिहास फडातल्या म्हाताऱ्या माणसाला तोंडपाठ आहे, पण छापील पुस्तक नाही. पुण्याच्या पुराभिलेखागारात मोडी कागदांचे रुमाल भरलेले आहेत, पण त्यातला कागद स्वतः वाचून निष्कर्ष काढला तर तो ‘स्वतःचा शोध’ ठरतो. आधी एखाद्या अभ्यासकाने तो छापला पाहिजे.

संभाजी महाराजांवरून झालेला वाद याच खाचेत अडकलेला आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यांच्यावरच्या इंग्रजी पानातल्या मजकुरावरून महाराष्ट्रात संताप उसळला. मुख्यमंत्र्यांनी सायबर पोलिसांना विकिपीडियाशी संपर्क साधायला सांगितलं, नोटीस गेली, काही संपादकांवर गुन्हाही नोंदवला गेला. राग समजण्यासारखा असला तरी वादाचं मूळ संदर्भांत आहे. महाराजांचं बेफिकीर, व्यसनी असं चित्र रंगवण्यात मल्हार रामराव चिटणीसांच्या बखरीचा मोठा वाटा, आणि ती लिहिली गेली महाराजांच्या मृत्यूनंतर शंभराहून जास्त वर्षांनी. वा. सी. बेंद्रे, कमल गोखले अशा संशोधकांनी विसाव्या शतकात अस्सल कागदपत्रं तपासून ते चित्र पालटवलं. पण बेंद्र्यांचं काम मराठीत आहे आणि इंग्रजीत लिहिणाऱ्याच्या हाताशी सहसा इंग्रजी पुस्तकंच असतात. मराठी पुस्तकाचा संदर्भ इंग्रजी विकिपीडियावर चालतो, पान क्रमांक आणि उताऱ्यासकट तो लेखाला जोडलेल्या चर्चा पानावर मांडता येतो. हे काम किचकट आहे, नोटिशीच्या मानाने बिनगाजावाजाचं आहे, पण पान टिकाऊपणे बदलतं ते त्याने. कारण नोटीस घ्यायला तिथे मुख्य संपादक बसलेलाच नाही. सॅन फ्रान्सिस्कोतलं फाउंडेशन सर्व्हर चालवतं, लेखातली वाक्यं स्वयंसेवक ठरवतात. एएनआय या वृत्तसंस्थेने २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला, तेव्हाही संपादक कोण आणि जबाबदार कुणाला धरायचं, हाच मुद्दा कळीचा झाला. त्या खटल्यावर लिहिलेलं विकिपीडियाचं पान न्यायालयाच्या आदेशाने उतरवावं लागलं. तो आदेश सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये रद्द केला.

पैसे घेऊन लिहिणाऱ्यांबद्दल थोडक्यात. २०१५ मध्ये इंग्रजी विकिपीडियाने एकमेकांशी जोडलेली ३८१ खाती एकदम बंद केली. ही टोळी छोट्या व्यावसायिकांकडून आणि कलाकारांकडून पान ठेवण्याचे पैसे उकळत होती. एखाद्या बिल्डरचं, कोचिंग क्लासच्या मालकाचं किंवा ‘युवा उद्योजका’चं पान पुरस्कारांच्या यादीने फुगलेलं दिसलं, तर लेखक कोण असेल याचा अंदाज बांधायला हरकत नाही.

आता एखादं पान प्रत्यक्ष कसं वाचायचं? वर ‘इतिहास पहा’ असं लिहिलेलं असतं, तिथे टिचकी मारा. खाली ओळींची उतरंड दिसेल. प्रत्येक ओळ म्हणजे एक बदल. त्यात तारीख, वेळ, करणाऱ्याचं नाव आणि कंसात एक आकडा, हिरवा म्हणजे मजकूर वाढला, लाल म्हणजे घटला. शेवटी असला तर बदलामागचा हेतू. खातं न उघडता केलेल्या बदलापुढे नावाऐवजी आकड्यांची ओळ असते. दहा-बारा वेगवेगळ्या नावांनी वर्षानुवर्षं हात फिरवलेला दिसला तर पान वाचलं गेलंय. सगळा लेख एकाच खात्याने दोन दिवसांत लिहिलाय आणि नंतर नुसते बॉट येऊन गेलेत, असं दिसलं तर सावध व्हा. डिचोलीच्या युद्धासारखी पानं अशीच दिसतात. कालच कुणीतरी मोठा लाल आकडा उमटवलाय? तो बदल उघडा, आधीचा आणि नंतरचा मजकूर शेजारीशेजारी दिसतो. निवडणुकीच्या किंवा चित्रपट प्रदर्शनाच्या आठवड्यात हे जरूर करावं.

मग ‘चर्चा’. मजकुरावर भांडण असेल तर ते इथे सापडतं, आणि लेखापेक्षा चर्चा वाचनीय निघते असंही पुष्कळदा होतं. त्यानंतर तुम्हाला हवं आहे त्या एका वाक्याची तळटीप उघडा. पूर्ण लेखाच्या नव्हे, त्या वाक्याच्या. दुवा उघडतो का? उघडल्यावर तिथे खरंच ते म्हटलंय का? पुस्तक असेल तर त्याचं नाव एखाद्या ग्रंथालयाच्या यादीत शोधा. डिचोलीचा बनाव पकडणाऱ्याने याहून वेगळं काही केलं नव्हतं. वाक्यापुढे बारीक अक्षरांत ‘संदर्भ हवा’ लिहिलेलं असेल, तर संपादकांनीच हात वर केलेत असं समजा. औषधाचा डोस, कायद्याचं कलम, शेअरची किंमत यांसाठी मात्र इतकं करूनही मूळ ठिकाणीच जावं. विकिपीडिया स्वतःच सांगतो, की मला अंतिम आधार मानू नका.

गेल्या काही वर्षांत यात एक नवी अडचण आली आहे. फोनला प्रश्न विचारला की गुगलची चौकट किंवा एखादा चॅटबॉट एका परिच्छेदात उत्तर देतो, आणि त्यातलं बरंच काही विकिपीडियावर पोसलेलं असतं. पण उत्तरासोबत ‘इतिहास पहा’ येत नाही, ‘चर्चा’ येत नाही, ‘संदर्भ हवा’ची बारीक अक्षरंही गळून जातात. उलट दिशेनेही पाणी शिरतंय. चॅटबॉटने लिहिलेले, ऐटबाज पण पोकळ संदर्भ असलेले लेख विकिपीडियावर येऊन पडताहेत. डिचोलीचं युद्ध रचायला २००७ मध्ये एका माणसाला बसून खपावं लागलं होतं, आता तसले दहा लेख दुपारच्या चहाआधी तयार होतात. इंग्रजी विकिपीडियाने असे लेख लांबलचक चर्चेविना उडवता यावेत म्हणून २०२५ मध्ये नियम बदलला. लहान भाषांकडे नियम असला तरी उडवायला माणसं हवीत. मराठीत तुम्हाला एखादं पान चुकीचं दिसलं आणि हाताशी पुस्तक असलं, तर वरच्या ‘संपादन’वर टिचकी मारा, वाक्य दुरुस्त करा, पुस्तकाचं नाव आणि पान क्रमांक टाका आणि बदल का केला ते एका ओळीत लिहून जतन करा.